पंख छाटण्याला निगा म्हणू नका

मराठीत ‘पंख छाटणे’ आणि उर्दूत ‘पर कतरना’ हे वाक्प्रचार मी दरवर्षी वर्गात शिकवतो. दोन्हींचा अर्थ एकच, कुणाची ताकद आणि मोकळीक हिरावून घेणे. वाक्यात उपयोग करा म्हटले की मुले चटकन लिहितात. सावकाराने शेतकऱ्याचे पंख छाटले. शाळा सोडायला लावून घरच्यांनी मुलीचे पंख छाटले. इतक्या वर्षांत एकाही मुलाने हा वाक्प्रचार चांगल्या अर्थाने वापरलेला मला आठवत नाही. आईने माझे पंख छाटून माझी काळजी घेतली, असे वाक्य कुणी लिहिले तर मी त्याखाली लाल रेघ मारीन आणि मुले हसतील.

आता मोठ्या शहरांत हेच वाक्य धंद्याच्या पाटीवर लिहिले जाते आणि कुणी हसत नाही. पाटी इंग्रजी वळणाची आहे एवढेच. ‘बर्ड ग्रूमिंग’. विंग क्लिपिंग, नेल ट्रिमिंग, बीक शेपिंग, बाथ. पक्षी घेऊन या, किंवा आम्ही घरी येतो. कुत्र्या-मांजरांच्या सलूनमागोमाग हा प्रकार आला आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांतली पक्षी पाळणारी घरेही कौतुकाने या यादीतून निवड करू लागली आहेत. ज्यांना पैसे द्यायचे नसतात ते मोबाइलवर व्हिडिओ बघून घरच्या कात्रीनेच काम उरकतात.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. या यादीतले बरेचसे काम पक्ष्यासाठी नसते, मालकाच्या सोयीसाठी असते. जे थोडे पक्ष्यासाठी असते, ते बहुतेक वेळा चुकीचा पिंजरा आणि चुकीचा दाणा यांतून उभे राहिलेले असते. आणि यातल्या पंख छाटण्याच्या कामाला आपण जो दीनचा आधार देतो, तो आधार तिथे लागू होत नाही.

पंखापासून सुरू करू. छाटण्याचे समर्थन करणारे एकच वाक्य सांगतात, ‘केस कापण्यासारखे आहे, दुखत नाही.’ पूर्ण वाढलेल्या पिसाच्या दांडीत रक्त नसते, त्यामुळे ते कापताना दुखत नाही, हे खरे. पण केस कापल्यावर माणूस चालायचा थांबत नाही. पंखाच्या टोकाकडची जी लांब पिसे हवा मागे ढकलतात आणि पक्ष्याला पुढे नेतात, नेमकी तीच कापली जातात. कापलेले पीस वाढत नाही. त्याचे खुंट तसेच राहते आणि पिसे झडण्याच्या वेळी, म्हणजे साधारण वर्षभराने, ते गळून नवे पीस येते. मधल्या काळात पक्षी उडायला जातो आणि दगडासारखा खाली येतो. करडा आफ्रिकन पोपट अंगाने जड असतो, तो छातीवर आपटला तर छातीच्या हाडावरची कातडी फाटते. एकाच बाजूचा पंख छाटायची जुनी रीत तर आणखी वाईट, त्यात तोल जाऊन पक्षी गिरक्या घेत पडतो.

यातली पुढची गोष्ट पाटीवर कधी लिहिलेली नसते. नवे पीस उगवताना त्याच्या दांडीत रक्त असते. एरवी शेजारची जुनी लांब पिसे त्या कोवळ्या पिसाला दोन्ही बाजूंनी आधार देतात. छाटलेल्या पंखात हा आधारच नसतो. पिंजऱ्याच्या तारेला आपटून ते कोवळे पीस मोडते आणि रक्त वाहू लागते. लहान पक्ष्याच्या अंगात रक्त असते किती! म्हणजे आज न दुखता झालेल्या कामाचे दुखणे काही महिन्यांनी येते, तेव्हा कापणारा समोर नसतो.

सगळ्यात मोठा अन्याय पिल्लांवर होतो. दुकानातून आणलेले पिल्लू ‘हाताला लागावे’ म्हणून उडायला शिकण्याआधीच छाटले जाते. उडणे अंगात असते, पण वळणे, थांबणे, फांदीवर नेमके उतरणे हे सरावाने येते. तो सराव ज्या आठवड्यांत व्हायचा, त्याच आठवड्यांत आपण कात्री चालवतो. पुढे पिसे आली तरी असा पक्षी उडायला भितो. मग मालक अभिमानाने सांगतो, ‘आमचा मिठ्ठू दार उघडे ठेवले तरी जात नाही, इतका लळा लागलाय.’ त्या भीतीला लळा म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आता चोच. पोपटवर्गाच्या पक्ष्याची चोच आयुष्यभर वाढते आणि लाकूड कुरतडून, फळांच्या बिया फोडून, दांडीवर घासून आपोआप झिजते. ती वेडीवाकडी वाढली, तर कारण शोधायला हवे. बजरिगरमध्ये, ज्याला आपल्याकडे सरसकट लव्हबर्ड म्हणतात, खरूज करणारे बारीक किडे चोचीच्या मुळाशी घर करतात आणि चोच स्पंजासारखी होते. वर्षानुवर्षे नुसते सूर्यफुलाचे बी खाणाऱ्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साचते, तेव्हाही चोच भराभर वाढते. अशी चोच घासून गुळगुळीत करून घेतली की पक्षी आठवडाभर छान दिसतो आणि आतला आजार वाढत राहतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार. शिवाय चोचीत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, नसा आहेत. हे काम पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचे आहे.

नखांचेही तेच. बाजारातल्या पिंजऱ्यात प्लॅस्टिकची किंवा गुळगुळीत लाकडाची एकसारख्या जाडीची दांडी असते. त्यावर नख झिजणार कसे? पेरूची साल न काढलेली, कुठे जाड कुठे बारीक अशी फांदी लावा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेण, म्हणजे म्हाकुळाचे हाड, चोचीसाठी टांगा. एवढ्याने पुष्कळ घरांतली गरज भागेल. म्हातारा, लंगडा, आजारी पक्षी असेल तर नख कापावे लागते, ते मी नाकारत नाही. तेव्हाही हे लक्षात ठेवा की पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो. मुठीत आवळून धरलेला पक्षी गुदमरतो, आणि धरणाऱ्याला वाटते शांत झाला.

राहिली अंघोळ. उथळ ताटलीत पाणी ठेवा, पक्षी आपला आपण नाहतो. शेपटीच्या मुळाशी त्याची तेलाची ग्रंथी असते. बहुतेक पक्षी चोचीने ते तेल घेऊन पिसांना लावतात. शाम्पू आणि सुगंधी फवारे ते तेलच धुऊन टाकतात. निसर्गात ज्याला रोज तासन्‌तास स्वतःची पिसे विंचरण्याचे काम अल्लाहने नेमून दिले आहे, त्याला न्हाव्याकडे नेणारे आपण कोण?

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ‘सर, घरात पंखा आहे, गॅस आहे, खिडकी उघडी असते. न छाटता सोडला तर मरेल.’ दोन खोल्यांच्या घरात छताचा पंखा हा उडणाऱ्या पक्ष्याचा खरोखर शत्रू आहे. पण या आक्षेपाचा निष्कर्ष बघा. घर पक्ष्याच्या लायक नाही, म्हणून पक्ष्याला कापून घराच्या मापाचा करायचा! घर लायक नसेल तर पक्षी आणू नये, हा सरळ निष्कर्ष कुणालाच नको असतो. जो आधीच घरात आहे त्याच्यासाठी खिडकीला जाळी बसते, सोडण्याआधी पंखा बंद करता येतो, स्वयंपाकघराचे दार लावता येते. आणि छाटलेला पक्षी सुरक्षित असतो हेही खरे नाही. अर्धवट छाटलेला पक्षी वाऱ्याबरोबर खिडकीबाहेर जाऊ शकतो. मग त्याला उंच झाड गाठता येत नाही आणि मांजरापासून पळताही येत नाही.

आता दीनकडे वळतो, कारण आपल्या घरांत शेवटचा शब्द तिथलाच असतो. पक्षी पाळण्यावर बोलले की लगेच हजरत अबू उमैर यांची हदीस पुढे केली जाते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. हजरत अनस यांच्या या छोट्या भावाकडे एक लहानसा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या उदास मुलाला जवळ घेऊन लाडाने पक्ष्याची चौकशी केली. यावरून उलेमांनी निष्कर्ष काढला की पक्षी पाळणे जायज आहे. मी मुफ्ती नाही, त्या निष्कर्षाशी माझे भांडण नाही. पण त्याच उलेमांनी घातलेली अट आपण गाळतो. दाणापाण्याची पूर्ण जबाबदारी घ्यायची आणि त्रास द्यायचा नाही. परवानगी पाळण्याची आहे. तिच्यातून कापण्याची परवानगी कुठून निघाली?

या एका हदीसशेजारी बाकीच्या का ठेवत नाही? मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. तिच्यावर दोन गुन्हे ठेवले गेले. तिने मांजरीला खायला दिले नाही, आणि स्वतः शोधून खाता यावे म्हणून सोडलेही नाही. म्हणजे जनावराची स्वतः जगण्याची वाट बंद केली की तुमची जबाबदारी दुप्पट होते. पंख छाटणारा ती वाट पक्ष्याच्या अंगातच बंद करतो. दुसरी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती वर फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की हिला पिल्लांवरून कुणी दुःख दिले, आणि पिल्ले परत ठेवायला लावली. आपल्याकडे हिवाळा सरताना झाडांच्या ढोलीतून पोपटाची पिल्ले काढून टोपलीत भरून बाजारात आणली जातात. ती टोपली विकत घेणाऱ्याने ही हदीस एकदा आठवावी.

कुरआनात सूरह अन्‌आमची 38 वी आयत सांगते की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. पक्ष्याचा उल्लेख करताना तिथे त्याच्या दोन पंखांचा वेगळा उल्लेख आहे. सूरह मुल्कच्या 19 व्या आयतीत माणसाला वर बघायला सांगितले आहे. पक्षी पंख पसरतात, मिटतात, आणि त्यांना हवेत सावरणारा रहमान आहे. आयत या शब्दाचा अर्थच निशाणी. अल्लाहने जी गोष्ट आपली निशाणी म्हणून दाखवली, ती कात्रीने छाटून तिच्या खाली दिवाणखान्यात तोच सूरह फ्रेम करून लावायचा, ही कुठली दीनदारी?

‘कोंबडी खाता, कुर्बानी करता, आणि पिसावर रडता?’ हा टोमणा बाहेरचेही मारतात आणि आपलेही. उत्तर सोपे आहे. जो दीन जबह करतानाही सुरी धारदार ठेवायला सांगतो, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा असे बजावतो, तो जिवंत जनावराला करमणुकीसाठी अधू करण्याची सूट देईल का? भुकेसाठी, अल्लाहचे नाव घेऊन, हिशेब द्यायच्या जाणिवेने जीव घेणे वेगळे. जीव ठेवून त्याचे जगणे काढून घेणे वेगळे. कोवळ्या मुलांनी बांधलेल्या पक्ष्यावर तीर चालवले तेव्हा हजरत इब्न उमर यांनी त्यांना खडसावले, कारण प्रेषितांनी (स.) सजीवाला निशाणा बनवायला मनाई केली होती. तो पक्षी खाण्यासाठी मारला जात नव्हता, त्याच्यावर खेळ चालला होता.

कायद्याचेही बघून घेऊ, कारण इथे आपले अज्ञान महागात पडते. आपला कंठवाला हिरवा पोपट, पहाडी पोपट, डोंगरी मैना, मुनिया हे सगळे भारतीय जंगली पक्षी आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याला ‘ग्रूमिंग’साठी नेणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावा स्वतः हातात धरून नेणे. मकाव, काकाकुवा, करडा आफ्रिकन पोपट अशा परदेशी पक्ष्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणे हा अपराधच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये! दाण्याची पिशवीही त्यात येत नाही, म्हणून हा कायदा कुणाला माहीत नाही. 2011 मध्ये गुजरात उच्च न्यायालयासमोर छाटलेल्या आणि चिकटपट्टी लावलेल्या पंखांच्या पक्ष्यांचे प्रकरण आले, तेव्हा न्यायालयाने आकाशात उडणे हा पक्ष्यांचा हक्क मानला. 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच म्हटले. या निकालांची पोच कुठवर, यावर वकील वाद घालोत. आपल्याला कळायला हे पुरेसे आहे.

एक नाजूक गोष्ट उघड बोलली पाहिजे. पक्षिबाजारात पकडणारे, विकणारे आणि आता छाटणारे यांत आपली गरीब पोरे बरीच दिसतात. छापा पडला की नावे वाचून काही जण सबंध कौमवर क्रौर्याचा शिक्का मारतात. तो शिक्का अन्यायाचा आहे. जंगलात फासे लावणारे, ट्रकने आणणारे आणि महागड्या सोसायटीतून ऑर्डर देणारे सगळ्या धर्मांचे असतात. पण दुसऱ्याचा आरोप अन्यायाचा आहे म्हणून आपली चूक बरोबर ठरत नाही. आपल्याकडे दुसरा वारसाही आहे. मुंबईत 1896 मध्ये जन्मलेल्या सालिम अली यांनी लहानपणी बंदुकीने एक वेगळीच चिमणी टिपली. ती कुठली हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्य वळले. पुढे अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणीची घरटी बांधणारी वसाहत महिनोन्‌महिने न्याहाळली. त्यांचा जन्मदिवस 12 नोव्हेंबर आणि मारुती चितमपल्ली यांचा 5 नोव्हेंबर, या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. आपल्या किती उर्दू शाळांत तो होतो?

पोरांच्या रोजीचे काय, हा प्रश्न मी टाळत नाही. पक्ष्यांचा हात असलेल्या तरुणाने पंख छाटण्याऐवजी खिडकीची जाळी बसवावी, मोठे पिंजरे बनवावेत, फांद्यांच्या दांड्या पुरवाव्यात, मालक गावी गेला की पक्षी सांभाळावेत. ग्राहक तोच, पैसा हलाल, आणि मनावर ओझे नाही.

आणि सदक्याच्या नावाने चाललेला तो दुसरा खेळही बंद करा. पिंजऱ्यातल्या मुनिया पैसे देऊन सोडवायच्या आणि सवाब मिळाला असे मानायचे. आपण सोडणार म्हणूनच त्या पकडल्या जातात. छाटलेली, अशक्त मुनिया दोन गल्ल्यांपलीकडे खाली बसते, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच पिंजऱ्यात येते. हा सदका पारध्याच्या खिशात जातो.

ज्यांच्या घरी आज कंठवाला पोपट आहे, त्यांनी हा लेख वाचून जोशात खिडकी उघडू नये. वर्षानुवर्षे कोंडलेल्या, छाटलेल्या पक्ष्याला असे सोडणे म्हणजे मारणे. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर विचारा. त्यांच्यामार्फत तो बचाव केंद्रात जाईल, पिसे येतील, मग सोडायचे की नाही ते जाणकार ठरवतील. परदेशी पक्षी असेल तर त्याला सोडता येत नाही, तो आता तुमची अमानत आहे. त्याला आडवा लांब पिंजरा द्या, रोज बंद खोलीत उडू द्या, फळे-भाज्या द्या, एकटा असेल तर वेळ द्या. आणि तो मेल्यावर दुसरा आणू नका.

उर्दू शाळांत इकबाल यांची ‘परिंदे की फरियाद’ ही नज्म पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली जाते. पिंजऱ्यातला पक्षी तिच्यात बोलतो. वर्गात ती म्हणताना मुलांचे डोळे ओले होतात हे मी पाहिले आहे. त्याच मुलाला संध्याकाळी बाप म्हणतो, ‘धर रे याला घट्ट, पर कापायचे आहेत.’ त्या मुलाने कोणता धडा लक्षात ठेवायचा? पाठ केलेला, की हातांनी केलेला? हातांनी केलेला धडाच पक्का होतो, हे कुठलाही शिक्षक सांगेल. आज ज्या हाताला कळले की आपल्या सोयीसाठी दुबळ्याला अधू केले तरी चालते, नव्हे त्याला प्रेम म्हणतात, तो हात उद्या घरातल्या दुबळ्या माणसाशीही तसाच वागेल.

म्हणून मागणी साधी आहे. इमामसाहेबांनी एका जुम्याला यावर दहा मिनिटे बोलावे. शिक्षकांनी पक्षी सप्ताहात मुलांना पिंजऱ्याबाहेरचे पक्षी दाखवावेत. आणि आपण, पक्ष्यावर जीव आहे असे म्हणणाऱ्यांनी, कात्री कपाटात ठेवावी.